रविवार मिळवून देणारा स्टोअरकीपर

हॉस्टेलमध्ये रविवारची सकाळ कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. नऊ वाजेपर्यंत कॉरिडॉरमध्ये शुकशुकाट, मग हळूहळू बादल्यांचे आवाज, कपडे भिजवायची घाई, आणि बारा वाजता मेसमध्ये फीस्टला लागलेली लाईन. सबमिशन असो, प्रॅक्टिकल असो, रविवार म्हणजे रविवार. तो आपल्याला जन्मतःच मिळालेला हक्क आहे असे आपण धरून चालतो. पण ह्याच महाराष्ट्रात एकेकाळी गिरणीतल्या हजारो माणसांना रविवार नव्हता. तो त्यांना कुणी आणि कसा मिळवून दिला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. मलाही इनप्लांट ट्रेनिंगला जाईपर्यंत माहीत नव्हते.

ट्रेनिंगच्या काळात एक गोष्ट लक्षात आली. आपण चार वर्षे थर्मो शिकतो, टीओएम शिकतो, मशीन डिझाईन शिकतो. पण सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कंपनीत ट्रेनी इंजिनियर म्हणून रुजू झालेला सिनियर भेटला, की तो मशीनबद्दल फारसे बोलत नाही. तो माणसांबद्दल बोलतो. शिफ्टवरून झालेली कुरबूर, ओव्हरटाईमचा घोळ, वीस वर्षे काम केलेला ऑपरेटर आणि बावीस वर्षांचा सुपरवायझर यांच्यातली खेचाखेची. वर मॅनेजमेंट, खाली कामगार, मध्ये आपण. ह्या मधल्या जागेवर कसे उभे राहायचे याचा पेपर आपल्याला कुठल्याच सेमिस्टरला नाही. म्हणूनच अशा मधल्या जागेवरून पुढे आलेल्या एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटली. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकच्या आसपास शिक्षण थांबले आणि नोकरी धरावी लागली. आधी रेल्वेच्या टपाल खात्यात, मग मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. आपल्याकडे स्टोअर म्हणजे नट-बोल्ट आणि स्लिपांचा रुक्ष कारभार, असे वाटते. पण विचार करा, स्टोअरकीपर हा गिरणीतला असा माणूस, की ज्याच्याकडे सगळ्या खात्यांना यावे लागते. पट्टा तुटला तरी त्याच्याकडे, बॉबिन संपल्या तरी त्याच्याकडे. तो साहेबाच्या ऑफिसातही जातो आणि खात्यातही जातो. मालकाचा हिशोब त्याला कळतो आणि कामगाराचे हालही दिसतात. लोखंड्यांनी हे दोन्ही जवळून पाहिले.

त्या वेळची गिरणी डोळ्यासमोर आणायची तर आपल्या वर्कशॉपची कल्पना पुरणार नाही. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली, आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी भागात धुराड्यांची रांगच उभी राहिली. प्रत्येक गिरणीत एक मोठे वाफेचे इंजिन. त्यावरून लाईन शाफ्ट, शाफ्टवरून पट्टे आणि पट्ट्यांवर शेकडो यंत्रे. इंजिन सुरू झाले की सगळी गिरणी सुरू, बंद झाले की सगळी बंद. आज आपण एक मशीन बंद करून दुसरे चालू ठेवतो तशी सोय नव्हती. दिवस उजाडला की इंजिन चालू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. मधल्या सुट्टीची ठराविक वेळ नाही, भाकरी खायची ती यंत्राशेजारीच, रुई उडत असताना. पगार महिन्याचा, पण तो हातात कधी पडेल याचा भरवसा नाही. उशीर झाला की दंड, माल बिघडला की दंड. कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर, त्यामुळे त्याची दस्तुरी वेगळी. पगार लांबला की उधारी वाढते आणि उधारी वाढली की सावकाराचे व्याज. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस ह्या चरकात एकदा सापडला की सहसा सुटत नसे.

आणि रविवार? ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही तेवढीच. रविवारी गिरणी बंद ठेवली तरी यंत्रे साफ करायला कामगारांना बोलावत, आणि त्यात अर्धा दिवस जाई. मेंटेनन्सच्या दृष्टीने पाहिले तर मालकाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. एकाच इंजिनावर सगळी गिरणी चालत असेल, तर साफसफाई गिरणी थांबलेली असतानाच होणार. पण त्याचा भार सगळा कामगारांच्या विश्रांतीवर पडत होता. ज्याने सहा दिवस यंत्र चालवले, त्यानेच सातव्या दिवशी ते पुसायचे.

लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचे. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे मुंबईतले ते एक प्रमुख कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधू हे पत्र पुढे अडचणीत आले. १८८० मध्ये ते मुंबईला आणून चालवायची जबाबदारी लोखंड्यांनी घेतली. गिरणीतली नोकरी त्यांनी सोडली. पक्की नोकरी सोडून तोट्यातले वर्तमानपत्र अंगावर घेणे हा आजच्या भाषेत चक्क वेडेपणा होता. पण अखेरपर्यंत त्यांनी ते पत्र चालवले, आणि गिरणीतली माणसे काय सोसतात ते त्यातून बाहेर आले.

त्या काळी हा विषय सोपा नव्हता. १८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते. ह्या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा जोर होता. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना खुपत होते. त्यामुळे आपल्याकडची बरीच राष्ट्रीय वृत्तपत्रे अशा कायद्यांच्या विरोधात होती. देशी उद्योग मारायचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण मँचेस्टरचा हेतू काहीही असो, परळच्या गिरणीत चौदा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय दुखतात ते दुखतातच. लोखंड्यांनी ही बाजू धरली. देशी धंद्याचे शत्रू म्हणवून घ्यायची जोखीम त्यात होती.

१८८४ मध्ये सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमले. लोखंड्यांनी ही संधी हेरली. त्यांनी मुंबई गिरणी कामगार संघ स्थापन केला. ही हिंदुस्थानातली कामगारांची पहिली संघटना मानली जाते. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा झाल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्या वेळी बहुसंख्य कामगारांना अक्षरओळख नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्यामागे किती चाळी पालथ्या घातल्या असतील याचा अंदाज येतो.

त्या अर्जातल्या मागण्या पाच. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर गंभीर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय.

आता ह्या मागण्या जरा इंजिनियरच्या नजरेने वाचा. मालक वाईट आहेत, अन्याय फार झाला, आमच्याकडे कुणी बघत नाही, असे मोघम त्यात काहीच नाही. प्रत्येक मागणी मोजता येते. अर्धा तास म्हणजे तीस मिनिटे. पंधरा तारीख म्हणजे पंधरा तारीख. पाळले की नाही, हे घड्याळ आणि कॅलेंडर बघून कुणालाही सांगता येईल. शॉप फ्लोअरवरची निम्मी भांडणे तक्रार मोघम राहिल्यामुळे चिघळतात. वागणूक नीट नाही, असे ऑपरेटर म्हणतो. कामात लक्ष नाही, असे सुपरवायझर म्हणतो. दोघांचेही कदाचित खरे असते, पण त्यावर तोडगा काय काढणार? नेमके काय हवे आहे ते कागदावर उतरवले, की निदान बोलायला जागा होते. लोखंड्यांनी हजारो माणसांचा संताप पाच ओळींत बसवला, हे मला त्यांचे सगळ्यात मोठे काम वाटते.

पण अर्ज दिला आणि रविवार मिळाला असे झाले नाही. कमिशनने ऐकून घेतले, अहवाल झाला, बाकी जैसे थे. आपण असतो तर? वॉटर कूलरचा अर्ज दोनदा दिला आणि काही झाले नाही, तर तिसऱ्यांदा आपण घोषणा तरी देतो नाही तर नाद तरी सोडतो. लोखंड्यांनी दोन्ही केले नाही. सभा चालू ठेवल्या, दीनबंधूतून लिहिणे चालू ठेवले, १८८९ मध्ये पुन्हा अर्ज केला. मधली पाच वर्षे हाती ठोस काही लागले नव्हते. कामगार टिकून राहिले यात त्यांच्यावरच्या विश्वासाचा भाग मोठा असणार.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही ह्या सभेत बोलल्या. ज्या काळात शिकलेल्या घरांतल्या बायकांनाही सभेत बोलायची मुभा नव्हती, त्या काळात गिरणीतल्या बाया दहा हजार लोकांपुढे उभ्या राहिल्या. ह्या सभेतून जो अर्ज निघाला तो साप्ताहिक सुट्टीचा, आणि तो गेला थेट गिरणी मालकांच्या संघाकडे.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समजा, एखाद्या भल्या मालकाला रविवार द्यायचा आहे. पण शेजारची गिरणी रविवारी चालू राहिली तर महिन्यात चार दिवसांचे उत्पादन शेजारी जास्त काढणार. मग हा एकटा मालक सुट्टी देईल कशाला? एकेका गिरणीच्या दारात जाऊन भांडण्यात अर्थ नव्हता. सुट्टी सगळ्यांनी एकदम दिली तरच कुणाचेच तुलनेने नुकसान नाही. मालकांचा संघ १८७५ पासून होताच. लोखंडे बरोबर त्या टेबलापाशी गेले जिथे हा निर्णय घेता येणे शक्य होते. आपल्या सुपरवायझरच्या हातात जे नाही ते त्याच्याकडे मागून त्याच्याशी वैर धरणे, ही चूक कारखान्यात रोज होते. कोणती गोष्ट कोणाच्या अधिकारात आहे हे आधी ओळखले तर अर्धे वैर तिथेच टळते.

१० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. मालक काही एका रात्रीत कनवाळू झाले नव्हते. नवा कायदा येणार याची चिन्हे दिसत होती, विलायतेतून दबाव होता, आणि दहा हजारांची शांत सभा त्यांनी पाहिली होती. कायद्याने लादून घेण्यापेक्षा आपण होऊन दिलेले बरे, असा हिशोब त्यांनी केला असावा. लोखंड्यांनी त्यांच्यासाठी ती वाट मोकळी ठेवली होती. सभेत कुणा मालकाचा पुतळा जाळला असता तर कदाचित ती वाट बंद झाली असती. समोरच्याला मान राखून हो म्हणता आले पाहिजे, हे फोरमनपासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे.

रविवारच का, याचेही एक कारण सांगतात. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या कामगारांना तो साहेबाचा वार न वाटता आपलाच वाटला.

त्याच वर्षी सरकारने दुसरे कमिशन नेमले, आणि मुंबईच्या कामासाठी लोखंड्यांना त्याच्याशी जोडून घेतले. सहा वर्षांपूर्वी जो माणूस अर्ज घेऊन दाराशी उभा होता तो आता आत बसला. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली, नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी आली आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे काम सात तासांवर आले. पाचपैकी दोन मागण्या सरळ कायद्यात उतरल्या. पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला १९११ साल उजाडावे लागले, आणि जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तास ठरवले. म्हणजे १८८४ च्या त्या एका कागदाचे काम पुढे किती वर्षे चालू होते ते पहा.

लोखंड्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या विरोधात १८९० च्या सुमारास मुंबईतल्या नाभिकांनी जो बहिष्कार घातला त्यामागेही ते होते. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. गिरणीत दोन्ही समाजांची माणसे एकाच छपराखाली काम करत, त्यामुळे बाहेरचा विस्तव आत यायला वेळ लागला नसता. अशा वेळी लोखंड्यांनी राणीच्या बागेत दोन्हीकडच्या कामगारांचा एकोप्याचा मेळावा भरवला. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर केले.

त्यांच्यावर टीकाही झाली आहे, ती लपवायचे कारण नाही. त्यांच्या संघाला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, घटना नव्हती. त्यामुळे ती खरी युनियन नव्हेच, असे काही अभ्यासक म्हणतात. सगळा डोलारा एका माणसावर उभा होता आणि तो माणूस गेल्यावर संघही विरला. हे खरे आहे. कॉलेजच्या गॅदरिंगपासून कंपनीपर्यंत हा धडा लागू पडतो. काम माणसावर न ठेवता पद्धतीवर ठेवले नाही, तर माणसाबरोबर काम जाते.

आणि माणूस गेला तो कसा? १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला, तो पहिल्यांदा सापडला मांडवीत. जिथे लोखंड्यांनी स्टोअर सांभाळले होते तोच भाग. लोक गठुडी बांधून गावाकडे पळू लागले, गिरण्या ओस पडायला लागल्या. लोखंडे मुंबईतच राहिले. रोग्यांसाठी दवाखाना उभा करण्याच्या धडपडीत होते. शेवटी प्लेगने त्यांनाच गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले, वयाची पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. साधारण महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या.

२००५ मध्ये टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. पण आपल्या अभ्यासक्रमात ते नाहीत. इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पुस्तकात टेलर असतो, फेयॉल असतो, मास्लोचा त्रिकोण असतो. मांडवीचा हा स्टोअरकीपर नसतो.

आपल्यापैकी बरेच जण एक-दोन वर्षांत कुठल्या ना कुठल्या शॉप फ्लोअरवर मधल्या जागेवर उभे असतील. वरून टार्गेट येईल, खालून तक्रार येईल. तेव्हा आधी तक्रार नेमकी काय आहे ते लिहून घ्या. ती कोणाच्या हातात आहे ते बघा. समोरच्याला हो म्हणायला जागा ठेवा. आणि पहिल्या नकाराला सोडून देऊ नका, लोखंड्यांना सहा वर्षे लागली.

बाकी येत्या रविवारी उशिरा उठा, फीस्ट पोटभर खा. फक्त ताटावर बसताना एकदा आपल्या मेसच्या मावशींना आणि वाढणाऱ्या काकांना विचारा, की त्यांची सुट्टी कोणत्या वारी असते. मी गेल्या रविवारी विचारले. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले, आणि मग हसून विषय बदलला.

रेक्टर सरांना द्यायचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. मागणी एकच आहे, आणि मोजता येईल अशी आहे. सह्या हव्या आहेत.